घरात आज्ज्याचा शिकारी सुरा निघाला तर

माळ्यावरची ट्रंक उघडली, तळाशी फडक्यात गुंडाळलेला जुना सुरा निघाला, की सोलापुरात बहुतेक लोक तो घेऊन सरळ ग्राइंडरवाल्याकडे जातात. तो बफिंगची चकती लावतो, पाच मिनिटांत पातं चकाचक करून देतो आणि घरचे खूश होतात. माझ्या मते सुऱ्याचं मातेरं होतं ते तिथंच.

मी एमआयडीसीत टूलरूममध्ये आयुष्य काढलं. कटर, पंच, डाय यांना धार लावणं हेच काम. त्यामुळे नातेवाईक, शेजारी, पोराचे मित्र, सगळे जुनी हत्यारं माझ्या दारात आणून टाकतात. "काका, याचं काय करायचं बघा की ओ." त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितोय. दाखल्याला आमच्याच घरातला सुरा घेतो. पातं जेमतेम वीतभर, पाठ जाड, मूठ बाभळीची, तीन पितळी रिबीट. माझ्या आज्ज्याचा. आमचं गाव उत्तर सोलापूर तालुक्यातलं, नान्नजच्या माळाला लागून.

हात लावायच्या आधी बघून घ्या

पहिले दोन दिवस सुऱ्याला काहीही लावायचं नाही. तेल नाही, रॉकेल नाही, पॉलिश पेपर तर नाहीच. कोऱ्या कागदावर ठेवून पेन्सिलीनं त्याची कड काढून घ्या. शेजारी पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे, पाठीचे आणि मुठीचे फोटो काढा. मग सकाळी खिडकीपाशी बसा आणि उजेड पात्यावर तिरका पडेल असं धरा. सरळ उजेडात काहीच दिसत नाही. तिरक्या उजेडात हातोड्याचे घाव, दगडाच्या रेघा, खड्डे सगळं वर येतं.

आधी बघा लोखंड कशाचं आहे. जुने लोहार आणि घिसाडी बाजारातून नवं पोलाद आणत नसत. झिजलेली कानस, गाडीचा तुटलेला कमानपाटा (स्प्रिंगची पट्टी), जे हाती येईल त्यातून सुरा निघायचा. आमच्या सुऱ्यावर मुठीला लागून, रुपयाएवढ्या जागेत, आडव्यातिडव्या बारीक रेघांची जाळी आहे. ते कानशीचे दात. लोहारानं बाकी सगळे दात ठोकून-घासून काढले, पण मुठीच्या सांध्यात हातोडा नीट बसला नाही म्हणून तेवढे राहिले. बफिंगवाल्याच्या चकतीखाली हे दात दोन सेकंदात गेले असते, आणि सुरा कशाचा झालाय हे सांगणारी तेवढी एकच खूण होती.

असे दात नसतील तर नवी बारीक कानस घ्या आणि धारेच्या जवळ, पण धारेवर नव्हे, हलकेच एकदा फिरवा. कानस घसरून गेली तर पोलाद कडक आहे, नीट पाणी दिलेलं आहे. लगेच चावली तर मऊ. बैलगाडीच्या धावेचं लोखंड असंच मऊ असतं. ते कितीही तापवून बुडवलं तरी कडक होत नाही, कारण त्यात कार्बनच पुरेसा नसतो. कमानपाट्यात तो अर्ध्या टक्क्याच्या वर असतो, कानशीत एक टक्क्याच्या पुढे. म्हणून कानशीचा सुरा धार फार दिवस धरतो, पण आपटला तर तुकडा उडतो. कमानपाट्याचा मार सहन करतो.

मग धारेची रेघ बघा. मुठीला लागून पात्याचा एक कोपरा असतो, तिथं दगड पोचत नाही. तो कोपरा म्हणजे पात्याची मूळ रुंदी. तिथून पुढं धार किती आत गेलीय ते पट्टी लावून मोजा. तेवढं पोलाद त्या घरानं वर्षानुवर्षं दगडावर घासून घालवलंय. आमच्या सुऱ्याला मधोमध खोलगट झीज आहे आणि टोकाकडचं पोट, म्हणजे धारेचा गोलसर फुगीर भाग, मात्र बऱ्यापैकी भरलेलं. कातडं सोलताना टोकाकडचं पोट चालतं. कापाकापीला, दोऱ्या-काड्या तोडायला मधला भाग लागतो. म्हणजे या सुऱ्यानं सोलण्यापेक्षा इतर कामंच जास्त केली, हे पातं बघूनच कळतं. शिकारी म्हणवणारे बहुतेक सुरे असेच निघतात. शिकार वर्षातून काही दिवसांची, घरकाम रोजचं.

पाठ बघा. पाठीची कड चेपून बाहेर आली असेल तर वरून हातोडा किंवा दगड मारलेला आहे, हाड फोडण्यासाठी. टोक तुटलेलं असेल तर बहुतेक कुणीतरी त्यानं डबा उघडलाय. टोक नवं करून देऊ का, असं प्रत्येक ग्राइंडरवाला विचारतो. नको म्हणा. त्यासाठी अर्धा-पाऊण इंच पातं खाऊन टाकावं लागतं.

शेवटी मूठ. ती हातात अशी धरा की अंगठा आपोआप खड्ड्यात बसेल. आमची मूठ उजव्या हातात कधीच नीट बसत नाही. अंगठ्याचा खड्डा उलट बाजूला आहे. आत्याला दाखवली तेव्हा ती म्हणाली, "आबा डावरेच होते. जेवताना डावा हात पुढं केला की आजी हातावर मारायची, म्हणून घास तेवढा उजव्यानं. बाकी सगळं डाव्यानं." घरात कुणाला हे माहीत नव्हतं. फोटोत तर आज्जा दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून बसलाय.

माणसांना काय विचारायचं

"या सुऱ्याचा इतिहास सांगा" असं विचारलं की म्हातारी माणसं एक तर गप्प बसतात, नाही तर वाघ मारल्याच्या गोष्टी सुरू करतात. सोलापूरच्या माळावर तेव्हा वाघ कुठला बे! सुरा त्यांच्या हातात द्या आणि साध्या गोष्टी विचारा. कुणी केला? त्याला काय दिलं? कुठं ठेवायचे? पोरांना हात लावू द्यायचे का? बायका वापरायच्या का? दगड कुठला होता?

आत्याकडून निघालं ते असं. सुरा गावच्या लोहारानं केला. लोहार बलुतेदार, त्यामुळे नांगराचा फाळ, कुळवाची फास, विळे-खुरपी यांचं काम वर्षाच्या बलुत्यात यायचं, सुगीत खळ्यावर ज्वारी घालायची. शिकारीचा सुरा मात्र शेतीच्या कामात धरला नाही, त्याचे वेगळे दोन मापं दाणे द्यावे लागले, आणि आजी त्यावरून बरेच दिवस बोलत होती.

शिकार कसली, तर ससे, तितर, कधीतरी हरीण. शिकारीला गावचे मुलाणी बरोबर असायचेच. जनावर पडलं की गळ्यावर सुरी फिरवायचा मान त्यांचा. त्याशिवाय गावात कुणी मटण खात नसे, मराठ्यांच्या घरातसुद्धा. त्यांची सुरी वेगळी, लांब आणि पातळ पात्याची. आमचा सुरा पुढच्या कामाला, सोलायला आणि वाटे घालायला. आता गळ्यावर फिरवायला लांब सुरी आणि सोलायला आखूड जाड सुरा हा फरक कुठल्याही खाटकाला विचारा, तो हेच सांगेल. तुमच्याकडचं पातं लांब, पातळ आणि सरळ असेल तर त्याला उगाच शिकारी सुरा म्हणू नका.

शिकारीला तेव्हाही कायदा होता, १९५१चा मुंबई राज्याचा. माळावर तो किती पाळला जायचा ते सोडा. १९७२ साल आलं आणि सगळंच बदललं. त्या वर्षी इकडं दुष्काळ. आज्जा खडी फोडायच्या कामावर. माळावर ना गवत, ना जनावर. त्याच साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. पुढं १९७९ला नान्नजचा माळ माळढोकासाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि तिथं सुरा घेऊन फिरण्याचा विषयच संपला. ते चांगलंच झालं असं माझं मत आहे. आज त्या माळावर काळविटांचे कळप दिसतात ते त्यामुळेच.

सुरा मात्र रिकामा बसला नाही. जत्रेचं बकरं, गुळाची ढेप, कडब्याच्या पेंढीचे आळे. मधल्या काळात चुलत्यानं तो सोलापुरात आणला आणि मागाचे चामडी पट्टे कापायला कारखान्यात वापरला. मधली झीज बरीचशी त्या पट्ट्यांची असावी. हे सगळं कागदावर लिहून, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून, सुऱ्याबरोबर ठेवा. फोनमध्ये रेकॉर्ड केलं तरी कागद ठेवाच.

गंज काढणे

गंज दोन रंगांचा असतो. तांबूस, बोटाला लागणारा गंज जिवंत असतो, तो पोलाद खात राहतो. काळपट-निळसर, गुळगुळीत, बोटाला न लागणारा थर म्हणजे पात्याचं वय. तो उलट गंज रोखून धरतो. तांबूस काढायचा, काळा ठेवायचा. सगळी युक्ती एवढीच आहे.

पातं रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये रात्रभर बुडवा. मूठ बाहेर ठेवा, लाकडानं रॉकेल प्यायलं की वास महिनोन्‌महिने जात नाही. सकाळी तांब्याच्या पट्टीनं गंजाचे पापुद्रे खरवडा. वायरिंगवाल्याकडून तांब्याची जाड तार आणा आणि टोक ठोकून चपटं करा, झालं अवजार. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा उठत नाही. उरलेल्यासाठी चार शून्य नंबरचं स्टील वूल, त्यावर शिलाई मशीनचं तेल, आणि मूठ ते टोक या दिशेनं हलक्या हातानं. गोल गोल घासू नका. गोल रेघा पात्यावर कायमच्या राहतात.

चिंच, लिंबू, संडासचं अ‍ॅसिड हे सगळं यूट्यूबवाल्यांना लखलाभ. आम्ल तांबूस गंजाबरोबर काळा थरही खातं, आणि खड्ड्यात राहिलेलं आम्ल पुसता येत नाही. आठ दिवसांत तिथूनच पुन्हा गंज फुटतो.

खड्डे असतील तर असू द्या. ते सपाट करायचे म्हणजे सगळं पातं पातळ करायचं.

मूठ

सोलापूरचा उन्हाळा ४२-४३ अंशांवर जातो आणि हवा कोरडी ठाक. लाकूड आकसतं, रिबीट ढिले होतात, मूठ हातात खुळखुळ वाजते. पावसाळ्यात ती पुन्हा फुगते. म्हणून मे महिन्यात ढिली वाटणारी मूठ लगेच ठोकायला घेऊ नका. घट्ट करून टाकलीत तर श्रावणात तडा जायचा. जुलैतही खुळखुळली, तर रिबीटाचं एक डोकं लोखंडी ठोकळ्यावर टेकवा आणि दुसऱ्यावर बॉल पीन हातोडीनं (एका बाजूला गोल डोकं असलेली) टकटक करा, घाव घालू नका. पितळ मऊ असतं, पसरतं.

लाकडाला जवसाचं कच्चं तेल. कापसाच्या फडक्यानं अगदी पातळ लावा, वीस-पंचवीस मिनिटांनी वरचं पुसून घ्या, दोन-तीन दिवस वाळू द्या, पुन्हा लावा. एक जाड हात दिला तर चिकट होऊन बसतं. आणि हे विसरू नका: जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं की ते वाळताना स्वतःच तापतं आणि पेटूही शकतं. आपल्याकडच्या उन्हात तर जास्तच. फडकं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

मूठ शिंगाची असेल तर काम बदलतं. म्हशीचं शिंग काळं, घट्ट, आत बारीक रेषांचं असतं, त्याला काही अडचण नाही. सांबराचं किंवा चितळाचं शिंग बाहेरून खडबडीत, आणि कापलेल्या टोकाला आत हाडासारखं सच्छिद्र. काळविटाच्या शिंगाला वळ्या असतात. ही सगळी वन्यजीव कायद्यात येतात. असा सुरा विकता येत नाही, विकत घेता येत नाही, आणि मालकीचा दाखला नसेल तर घरात ठेवणंसुद्धा अडचणीचं. जुन्या वस्तू जाहीर करायची मुदत २००३च्या नियमांनी दिली होती, ती कधीच संपली. घरात तेव्हाचा कागद आहे का ते शोधा. नसेल तर वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा. कागद नसताना मूठ काढून लाकडी बसवायचा उद्योग करू नका, काढलेल्या शिंगाचं काय करणार?

धार

धार लावायचीच का, हा पहिला प्रश्न. सुरा नुसता ठेवायचा असेल तर लावू नका. शेवटच्या माणसानं लावलेली धार, तिचा तिरकस कोन, दगडाच्या रेघा, हेही त्याच्या वापराचंच लिखाण आहे. आमच्या सुऱ्याची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त घासलेली आहे, डावऱ्या हाताची. ती तशीच ठेवलीय.

वापरायचा असेल तर मोटरच्या ग्राइंडरवर देऊ नका. धारेची कड कागदाएवढी पातळ असते, ती डोळ्याचं पातं लवतं तोवर तापते. कडक केलेलं असं पोलाद ठिसूळ राहू नये म्हणून पुन्हा साधारण २०० ते २३० अंशांपर्यंत तापवून उतरवलेलं असतं. धारेवर निळी झाक आली म्हणजे तिथली उष्णता ३०० अंशांच्या आसपास गेली आणि पोलाद मऊ पडलं. निळं पुसलं तरी मऊपणा जात नाही. सायकलवरचा धारवाला पायानं चाक फिरवतो, तो परवडला, पण त्यालाही सांगा, पाणी लावत जा.

घरी करायचं तर हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड पुरतो. एक बाजू भरड, एक बारीक. दगडाखाली ओलं फडकं घाला म्हणजे सरकणार नाही. दगडावर पाणी किंवा पातळ तेल, दोन्हींपैकी एकच, आणि एकदा तेल लावलेल्या दगडावर पुन्हा पाणी नाही. पातं आडवं ठेवा आणि पाठ उचला. किती? पात्याच्या रुंदीच्या एक-तृतीयांश. इंचभर रुंद पात्याला साडेआठ मिलिमीटर उंची आली की कोन वीस अंशांचा होतो. तेवढ्या जाडीची पुठ्ठ्याची पाचर कापून पाठीखाली धरा, पहिल्या काही फेऱ्यांत हाताला अंदाज येतो. जाड पाठीच्या सुऱ्याला थोडा जास्त कोन चालतो, वीसच्या खाली मात्र जाऊ नका, कानशीचं पोलाद कडेला तुटतं.

एकाच बाजूला घासत राहा, दुसऱ्या बाजूला बर येईपर्यंत. बर म्हणजे धारेवर उलटलेली बारीक लोखंडी कड. ती अंगठ्यानं बघायची, पण धारेच्या लांबीवरून नाही, पाठीकडून धारेकडे आडवा अंगठा ओढून. टोकापासून मुठीपर्यंत सगळीकडे बर लागली की बाजू बदला. मग बारीक दगडावर तेच, हात आणखी हलका. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पातं उलटं ओढा, धार मागे, पाठ पुढे, न्हावी वस्तऱ्याला करतो तसं. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापा. अडकला तिथं बर राहिलीय.

मधली खोलगट झीज सरळ करायचा मोह होईल. सपाट दगड तिथं टेकत नाही. दगडाच्या कडेनं किंवा गोल कानशीएवढ्या बारीक सिल्लीनं तेवढीच जागा घ्या.

ठेवणे आणि बाहेर नेणे

चामड्याचं म्यान असेल तर ते शेजारी ठेवा, सुरा आत नको. बाभळीच्या सालीत कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं, ते ओल धरून पात्यावर काळे डाग आणि मग गंज उठवतं. पात्याला मशीनचं तेल लावून मेणकागदात गुंडाळा. आपल्या घरात करडईचं तेल कायम असतं म्हणून लोक तेच लावतात. करडईचं तेल हवेत वाळतं, पिवळा चिकट थर धरतो, आणि तो काढायला पुन्हा रॉकेल. खाण्याच्या कामाला सुरा वापरत असाल तर खोबरेल लावा.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र अधिनियम १९५९चा, त्याच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात. घरगुती आणि शेतीच्या अवजारांना त्यातून वगळलंय, पण शिकारी सुरा घरगुती आहे हे नाक्यावरच्या हवालदाराला पटवायला जाऊ नका. पातं लहान असलं तरी सण-मोर्च्यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शहरात हत्यार घेऊन फिरायला बंदी लागू होत असते. धारवाल्याकडे न्यायचाच असेल तर म्यानात, पुठ्ठ्यात बांधून, पिशवीच्या तळाशी. कमरेला नाही. आणि पोरांना सांगा, सुरा हातात धरून फोटो टाकायचा नाही. असल्या फोटोवरून पोलीस ठाण्याच्या चकरा मारणारी पोरं कमी नाहीत.

वर्षातून एकदा तेल बदलायला खंडेनवमीचा मुहूर्त उत्तम, तोवर पावसाळा सरत आलेला असतो. पूजेच्या आधी पातं पुसून तेलाचा ताजा हात द्या. हळदकुंकवाची बोटं मुठीला लावा, पात्याला नाही, आणि झेंडूचं फूल पात्यावर ठेवायचंच असेल तर रात्री उचला. ओल्या पाकळ्या रात्रभर राहिल्या तर सकाळी त्यांच्या आकाराचे डाग उठलेले असतात. घरातल्यांना आधीच सांगून ठेवा, नाही तर दसऱ्याला सोन्याची पानंसुद्धा त्यावरच ठेवतात.